पहिल्या नोकरीत आपल्या शेजारी कोण बसते?

राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी खासगी क्षेत्रातील कामाचे तास वाढवण्याच्या कायदादुरुस्तीला मान्यता दिली. कारखान्यांमध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास आणि दुकाने व आस्थापनांमध्ये ९ वरून १० तास करण्याचा हा निर्णय. ओव्हरटाइमची मर्यादाही तीन महिन्यांत १४४ तासांपर्यंत नेण्याचे ठरले. कामगार संघटनांनी विरोध केला, उद्योजकांनी स्वागत केले, आणि चर्चा तासांच्या आकड्यांवरच थांबली. त्यातल्या एका अटीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, अशी ती अट आहे.

कागदावर ही अट कामगाराच्या बाजूची दिसते. पण संमती देणारा कोण आहे ते बघा. चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कंपनीत नुकताच लागलेला २१-२२ वर्षांचा मुलगा. कामावर येऊन दोन आठवडे झालेत. सुपरवायझर कागद पुढे करतो आणि म्हणतो, "इथे सही कर, सगळ्यांनी केली आहे." ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तो पगाराच्या स्लिपमध्ये वेगळा दिसला पाहिजे, सहीआधी कागद वाचायला मागणे हा उद्धटपणा नाही, हे त्या क्षणी त्याला कोण सांगणार? ज्याचा मामा किंवा चुलतभाऊ आधीपासून त्या लाइनवर आहे, त्याला हे जेवणाच्या सुट्टीत कळते. जो आपल्या घरातला पहिलाच पगारी माणूस आहे, त्याला कळत नाही. तो सही करतो.

आम्हाला या लेखात मांडायचा मुद्दा इथून सुरू होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात शेजारी कोण बसते, यावर माणसाच्या कामाच्या सवयी आणि त्याची तब्येत मोठ्या प्रमाणात ठरते. आणि आपल्या देशात ती शेजारची जागा आजही बऱ्याच ठिकाणी जात ठरवते. म्हणून नोकरीच्या ठिकाणचे मार्गदर्शन, ज्याला कंपन्यांमध्ये मेंटॉरिंग म्हणतात, हा आपल्या चळवळीचा विषय झाला पाहिजे.

मार्गदर्शक दोन कामे करतो

कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. तिची मांडणी आजही वापरली जाते. तिच्या मते नोकरीतला मार्गदर्शक दोन प्रकारची कामे करतो. पहिले काम करिअरचे: चांगल्या कामावर नाव सुचवणे, वरिष्ठांच्या नजरेत आणणे, चूक झाली तर पाठीशी उभे राहणे, शिकवणे. दुसरे काम मनाचे: ऐकून घेणे, स्वीकारणे, स्वतःच्या वागण्यातून वाट दाखवणे, मैत्री करणे. पहिल्याने बढती मिळते, दुसऱ्याने माणूस टिकतो.

टॅमी ॲलन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. मार्गदर्शक लाभलेल्यांना पगार आणि बढती काहीशी जास्त मिळते, पण त्याहून ठळक फरक कामातल्या समाधानात आणि करिअरबद्दलच्या भावनेत दिसतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मार्गदर्शनाचा परिणाम खिशापेक्षा मनावर जास्त होतो. बेल रोज रॅगिन्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलेली गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांचे मार्गदर्शकाशी नाते चांगले होते, त्यांनाच फायदा झाला. ज्यांचे नाते असमाधानकारक किंवा जेमतेम होते, त्यांची कामाबद्दलची भावना मार्गदर्शक नसलेल्यांपेक्षा काही वेगळी नव्हती. कंपनीने यादीत नाव लावून दिले म्हणजे मार्गदर्शन झाले, असे नाही.

माग शिकवायचा कुणी?

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवा. गिरणीत भरती जॉबरच्या हातून व्हायची. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या नात्यातला माणूस आणायचा. नवा कामगार जुन्याच्या शेजारी उभा राहून काम शिकायचा. शाळा नाही, पुस्तक नाही, शेजारचा माणूस हीच शाळा.

विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जायचे ते धाग्याचे. धोटा बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा स्पृश्य विणकराला चालत नसे. त्यामुळे आपले लोक कमी पगाराच्या कताई खात्यात अडकून राहिले. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. संपाच्या मागण्यांमध्ये ती घेण्यात आली, पण नाखुशीने.

यात एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. अडथळा कौशल्याचा नव्हता. आपल्या माणसाच्या हाताला माग चालवता आला असता. अडथळा होता तो शेजारी उभे राहू न देण्याचा. ज्याला शेजारी उभे राहू दिले जात नाही, त्याला नंतर "याला काम येत नाही" असे म्हणणे सोपे असते.

खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात मार्गदर्शन असणे आणि नसणे या दोन्ही गोष्टी दिसतात. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. कोलंबियात सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक मिळाले. पण १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर काय घडले, हे आपल्याला पाठ आहे. शिपाई फायली लांबून टाकायचे, पाणी मिळत नव्हते, राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तिथूनही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शिक्षणात भक्कम हात देणारे लोक भेटले. कामाच्या ठिकाणी मात्र शेजारी कुणी नव्हते. पदवी, पद आणि महाराजांचा पाठिंबा एवढे असूनही ती नोकरी टिकली नाही.

आजची शेजारची खुर्ची

आता कुणी तोंडाने धागा ओढत नाही, मग आज हे कसे चालते? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या अर्जाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश होती. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून लिहिले, की जात विचारत नाही असे सांगणारे हेच लोक मुलाखतीत 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला, त्यात ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्चजातीय निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के.

हे आकडे आपण सभांमध्ये सांगतो. पण दारातून आत गेल्यावर काय होते, यावर आपण कमी बोलतो. वरच्या खुर्च्यांवर एकाच सामाजिक थरातले लोक असतील, तर अनौपचारिक मार्गदर्शन त्याच थरात फिरते. त्यासाठी कुणी कट करावा लागत नाही. साहेबाला नव्या मुलात आपला पुतण्या दिसतो, कॉलेज एक निघते, गाव ओळखीचे निघते, आणि तो त्याला चहाला घेऊन जातो. त्या चहावर कोणत्या प्रोजेक्टमध्ये शिरायचे, कोणत्या मॅनेजरपासून लांब राहायचे, अप्रेझलचा फॉर्म कसा भरायचा, हे सगळे कळते. आपल्या मुलाला त्या चहाला कुणी बोलावत नाही. त्याला फक्त "पूर्ण नाव काय? गाव कुठलं?" एवढे विचारले जाते.

आमच्याकडे समुपदेशनाला आणि रोजगार मेळाव्यांना येणाऱ्या तरुणांकडून आम्ही हे वारंवार ऐकतो. कुणी मोबाइलच्या वॉलपेपरवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून टाकतो. कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे म्हणून सुट्टी मागताना 'घरी कार्यक्रम आहे' असे कारण देते. कुणी जेवणाच्या टेबलावर आरक्षणाचा विषय निघाला की डबा उचलून जागेवर जाते. आठ-नऊ तास स्वतःला लपवत काम करणे हा दुसरा ओव्हरटाइमच आहे. त्याचा दर कुठल्याही स्लिपमध्ये दिसत नाही.

सवयी कशा लागतात

कामाच्या सवयींना आपण स्वभाव समजतो. बहुतेक सवयी पहिल्या सहा-आठ महिन्यांत, शेजारच्या माणसाकडे बघून लागतात.

मार्गदर्शक असलेला नवा माणूस अडला की विचारतो, कारण विचारल्याने कमीपणा येत नाही हे त्याने पाहिलेले असते. मार्गदर्शक नसलेला रात्री घरी बसून एकटाच झगडतो. विचारले तर "कोट्यातून आला आहे" हे वाक्य ऐकावे लागेल, ही भीती त्याच्या मनात असते. ज्याच्या कंपनीत आरक्षणच नाही, त्यालाही ती असते. पहिला चूक झाली की लगेच सांगतो, दुसरा लपवतो आणि चूक मोठी होते. पहिला हक्काची रजा घेतो, दुसरा तापातही कामावर येतो. पहिला एखाद्या कामाला "हे आज होणार नाही, उद्या देतो" म्हणायला शिकतो. दुसरा सगळ्याला हो म्हणतो, कारण आपली लायकी रोज नव्याने सिद्ध करावी लागते असे त्याला वाटते.

बाहेरून बघणाऱ्याला दुसरा मुलगा 'मेहनती' दिसतो. वर्षभर त्याच्यावर कामे लादली जातात. मग तो थकतो, चिडतो, झोप जाते, आणि एक दिवस राजीनामा देतो. गावाकडे नातेवाईक म्हणतात, पोराला नोकरी टिकवता आली नाही.

याचा शेवट किती टोकाचा होऊ शकतो, यावर २०२४ मध्ये देशभर चर्चा झाली होती. पुण्यातल्या एका बड्या कंपनीत रुजू होऊन चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाचा असह्य ताण हे कारण असल्याचे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते, कंपनीने ते मान्य केले नाही. त्या प्रकरणाचा जातीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण नव्या माणसाला "थांब, एवढे पुरे" म्हणणारे कुणी शेजारी नसेल तर काय, हा प्रश्न त्या पत्राने सगळ्यांसमोर आणला. आपल्या मुलांच्या बाबतीत त्या ताणावर जातीचा भार आणखी पडतो.

मार्गदर्शनाच्या नावाखाली

इथे सावधही राहिले पाहिजे. वरिष्ठाच्या हातात शिकवण्याची सत्ता असते, म्हणजे न शिकवण्याचीही असते. डॉ. पायल तडवी प्रकरण आपण विसरलेलो नाही. मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या या आदिवासी डॉक्टरने मे २०१९ मध्ये आयुष्य संपवले. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला. वैद्यकीय शिक्षणात ज्येष्ठ निवासी डॉक्टर हाच कनिष्ठाचा रोजचा शिक्षक असतो. तिथे नाते बिघडले तर शिकण्याचा रस्ताच बंद होतो, आणि तक्रार करायची तर त्याच विभागात. महिलांच्या बाबतीत हा धोका दुहेरी असतो. म्हणून मार्गदर्शक बदलून मागण्याची सोय आणि २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेली अंतर्गत समिती या दोन गोष्टी नसतील, तर मेंटॉरिंगची योजना मुलींसाठी सापळा ठरू शकते.

दुसरा धोका गोड भाषेतला आहे. काही कंपन्यांत मेंटॉर म्हणजे 'ॲडजस्ट कर, लक्ष देऊ नकोस, पॉझिटिव्ह राहा' सांगणारा माणूस. अन्यायाचे रूपांतर तो स्वभावदोषात करतो. असा माणूस भेटण्यापेक्षा युनियनचा एखादा रोखठोक कार्यकर्ता भेटलेला बरा.

तथागतांनी यासाठी कसोटी देऊन ठेवली आहे. सिगालोवाद सुत्तात खरा मित्र कोण आणि मित्राच्या वेषातला माणूस कोण, हे वेगवेगळे सांगितले आहे. गोड बोलून घेणारा मित्र नव्हे. अडचणीत उपयोगी पडणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा, कळवळा असणारा तो मित्र. त्याच सुत्तात मालकाने कामगाराशी कसे वागावे हेही आहे: शक्ती बघून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. आणि आनंद जेव्हा म्हणतो की कल्याणमित्र हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, तेव्हा तथागत त्याला दुरुस्त करतात आणि तो संपूर्ण धम्मजीवन आहे असे सांगतात. विहारात दर रविवारी आपण कल्याणमित्र हा शब्द ऐकतो. तो कारखान्याच्या गेटपर्यंत नेणे हे आपले काम आहे.

आपलेच वरिष्ठ कुठे आहेत?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत व्यक्त केली होती. तो दाखला देऊन आपण नोकरदारांना दरवर्षी बोलतो. पण नुसत्या बोलण्याने काही बदलत नाही, कारण त्यांच्या वागण्याला एक सामाजिक कारण आहे. खासगी कंपनीत पंधरा वर्षे घालवलेल्या आपल्या माणसाने अनेकदा स्वतःची ओळख कुणाला दिलेली नसते. आपल्याच समाजाचा नवा मुलगा आला आणि याने त्याला जवळ केले, तर दोघेही उघडे पडतात. म्हणून तो त्याच्याशी जास्तच परक्यासारखा वागतो. एकेकट्या माणसाकडून धाडसाची अपेक्षा करण्यापेक्षा त्याला सुरक्षित वाटेल अशी रचना उभी करणे जास्त उपयोगाचे.

सरकारी नोकरीत अशी रचना काही प्रमाणात आहे. बामसेफ, कास्ट्राईब यांसारख्या संघटनांमुळे बिंदुनामावली, पदोन्नती, बदली यांबाबत विचारायला कुणीतरी असते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि असे व्यासपीठही नाही. सरकारी भरती आटत असताना आपला तरुण मात्र तिकडेच ढकलला जात आहे.

काय करायचे?

शासनाकडून सुरुवात करू. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधर उमेदवारांना अनुक्रमे ६, ८ आणि १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत ५ हजार. नावात प्रशिक्षण आहे, पण आम्ही पाहिलेल्या कार्यालयांमध्ये मुले झेरॉक्स काढताना आणि नोंदी भरताना दिसली. शिकवण्याची जबाबदारी कुणाच्याही नावावर नव्हती. प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे एक नाव असलेला मार्गदर्शक, तो काय शिकवणार याचा लेखी आराखडा आणि दर महिन्याची नोंद, ही मागणी आपण जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत नेली पाहिजे.

कंपन्यांकडे मागायचे ते असे: सर्व नव्या कर्मचाऱ्यांना औपचारिक मार्गदर्शक द्या, साहेबाच्या मर्जीवर सोडू नका. मार्गदर्शक हा थेट वरिष्ठ नसावा, म्हणजे मोकळेपणाने बोलता येईल. कोण पुढे गेले आणि कोण सोडून गेले, याचा सामाजिक गटवार हिशेब ठेवा. कॅलेव्ह, डॉबिन आणि केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील ७०८ खासगी आस्थापनांची आकडेवारी अभ्यासली. नुसत्या विविधतेच्या प्रशिक्षणवर्गांनी फारसे काही साधले नाही. मेंटॉरिंगने थोडा फरक पडला. सर्वात जास्त फरक तेव्हा पडला, जेव्हा बदलाची जबाबदारी ठरावीक माणसांवर टाकली गेली. म्हणून खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आणि मार्गदर्शनाची मागणी एकमेकींच्या जागी नाहीत. आत शिरायला पहिली हवी, आत टिकायला दुसरी.

आणि जे आपल्या हातात आहे ते कुणाच्या परवानगीशिवाय सुरू करता येते. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार नोकरदारांसाठी ठेवा. एका बाजूला दहा वर्षे काम केलेले चार-पाच जण, दुसऱ्या बाजूला वर्षभरात नोकरीला लागलेली मुले-मुली. भाषणे नकोत, हार-सत्कार नकोत. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, भविष्य निर्वाह निधीचे खाते, ईएसआयसीचे कार्ड, ओव्हरटाइमचा संमतीचा कागद टेबलावर ठेवून एकेक ओळ समजून घ्या. वरिष्ठांना त्यांच्या कंपनीत ओळख उघड करायची नसेल, तर दुसऱ्या कंपनीतल्या मुलाची जबाबदारी द्या. मुलींसाठी महिला मार्गदर्शक आवर्जून शोधा. एका माणसाने एका वर्षात एकच मुलगा किंवा मुलगी सांभाळायची, फोन उचलायचा, महिन्यातून एकदा भेटायचे, एवढाच नियम. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला सल्ले देत बसू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या.

कामगारांचे तास आठवड्याला ४८ वर आणणारा बदल १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने झाला, आणि त्यामागे मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे काम होते. त्या ४८ तासांचे पुढे काय होणार, हे आता मंत्रालयाइतकेच संमतीच्या कागदावरच्या सह्यांवरही ठरेल. त्या कागदासमोर आपला मुलगा एकटा असता कामा नये. येत्या रविवारी आपल्या विहारात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडा. पहिला आलेला कागद एकत्र वाचा.

जय भीम!